दिलेलं पाणी

"गुरुजी, पाणी कुठंतरी मुरतंय, आणि कुठं मुरतंय ते तुम्हीच हुडकायचं," माणिकराव सरपंच म्हणाले.

मी फळ्यावर सुविचार लिहीत होतो. परिपाठाची घंटा व्हायला पाच मिनिटं होती. सरपंचांच्या मागे बिरू खरात उभा होता, डोक्याला फेटा आणि हातात घड्याळ. मनगटावर नव्हे, हातात. पुरावा म्हणून आणलं होतं.

"आमच्या वाड्याला पंचेचाळीस मिन्टं पानी यायला पायजे का न्हाई?" बिरू म्हणाला. "पस्तीसच येतंया. तीन म्हैनं झालं. म्या घड्याळ लावून बघितलंय."

"मग भागुजीला विचार. तुझा चुलतभाऊच आहे ना तो?"

"इचारलं की. नुस्ता हसतोय."

"विकतोय तो," सरपंच हळू आवाजात म्हणाले. "माळावर ती वीटभट्टी झालीय ना, तिथं जातंय पाणी. पण नुसतं म्हणून चालत नाही. बघणारा माणूस पाहिजे, आणि ज्याचा शब्द गाव मानेल असा पाहिजे."

कोळवड्याला त्या वर्षी दर चौथ्या दिवशी पाणी यायचं. टाकी एक आणि आळ्या पाच. भागुजी खरात खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून सकाळी आठला निघायचा, एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि मोजून पाऊण तासानं बंद करायचा. सगळ्यांत शेवटी धनगरवाडा, म्हणजे त्याचीच आळी. दुपारच्या आत फेर संपायचा. ग्रामपंचायत त्याला पगार द्यायची तो घरातल्या पाच तोंडांना कसाबसा पुरायचा. ती चावी गेली असती, तर त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

सरपंच माझ्याकडे आले त्याला कारण होतं. त्यांच्या सख्ख्या पुतण्याला मी चौथीत नापास केलं होतं, आणि तेव्हापासून गावात माझ्या खरेपणाचा बोलबाला होता. त्याच वर्षी जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी ग्रामपंचायतीनं माझं नाव पाठवलं होतं. मला ते आवडलं होतं, हेही सांगून टाकतो.

शिवाय संशय घेणं हा माझा स्वभावच. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या की दोन सारखी उत्तरं दिसताच मान आपोआप वर होते. मी कामगिरी आनंदानं घेतली.

पुढच्या फेराला मी किरकोळ रजा टाकली आणि वही घेऊन भागुजीच्या मागोमाग फिरलो. त्यानं काही विचारलं नाही. मी सावलीला उभा राहिलो तर तोही आपला शेजारी उभा राहायचा. वरची आळी, पंचेचाळीस. सुतारआळी, पंचेचाळीस. आमची पेठ, पंचेचाळीस. खालच्या आळीला तर त्यानं एक मिनिट जास्तच दिलं, कारण एका म्हातारीची घागर भरत आली होती. मग धनगरवाडा. पस्तीस मिनिटं झाली आणि त्यानं चावी फिरवली.

"भागुजी, दहा मिनिटं बाकी आहेत."

"टाकीत न्हाई, गुरुजी."

टाकीच्या अंगावर पट्टी असते, आत किती पाणी आहे ते दाखवणारी. मी गेलो आणि पाहिलं. हातभर पाणी शिल्लक होतं. म्हणजे माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला होता, आणि तेही किती सहज.

मला तो आणखी लबाड वाटायला लागला. साधा चोर दुसऱ्याच्या आळीचं पाणी तोडेल. हा आपल्याच आळीचं तोडत होता, म्हणजे संशय येऊ नये इतका पुढचा विचार होता त्याचा. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

एकदा संशयानं घर केलं की त्याला खायलाही भरपूर मिळतं. एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो तर परसदारी कुमुद, म्हणजे माझी बायको, भागुजीशी बोलत होती. मला पाहताच दोघं गप्प झाली. "काय म्हणत होता?" मी विचारलं. "काही नाही, आईंची चौकशी करत होता," ती म्हणाली आणि आत गेली. माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती. पडली तेव्हापासून आठ महिने अंथरुणावर. तिची खोली परसाच्या बाजूला होती. कुमुद त्या दिवसांत तिथं उदबत्त्या फार लावायची. मला वाटलं, हिचं देवाधर्माचं वाढलंय. आता त्यात मला भागुजी दिसायला लागला. ही माझ्यापासून काय लपवतेय?

पुढच्या फेराला मी शाळेत सही केली, मधल्या सुट्टीत बाहेर पडलो आणि बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो. तिथून दोन्ही वाटा दिसतात, एक माळाकडे भट्टीला जाणारी आणि एक पेठेकडे वळणारी. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. धनगरवाड्याचं पाणी बंद करून भागुजी आला. चावी खांद्यावर होती. फाट्यावर थांबला, मागं-पुढं पाहिलं आणि पेठेकडे वळला.

मी अंतर ठेवून मागे गेलो. तो माझ्या घराच्या मागच्या बोळात शिरला.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुमुदला सांगितलेलं नाही. इथंही फार सांगत नाही. लाज वाटते.

बोळात एक जुना सार्वजनिक नळ होता, पाचेक वर्षांपूर्वी बंद केलेला. भागुजीनं त्याच्या चेंबरचं झाकण पायानं सरकवलं, चावी घातली आणि फिरवली. नळाला जोडलेली रबरी नळी आमच्या कुंपणाखालून आत गेली होती. आतून पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला. मग ओलं कापड दगडावर आपटल्याचा.

मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं. कुमुद पदर खोचून आईच्या चादरी धूत होती. एक, दोन, तीन. त्याखाली गोधडीचे तुकडे, त्याखाली आईची लुगडी. पाणी पिवळं होऊन मोरीकडे जात होतं.

भागुजीनं मला पाहिलं. दचकला नाही. घड्याळाकडे बघत बसून राहिला आणि वेळ झाल्यावर चावी काढून घेतली.

"दहा मिन्टं झाली," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी आत गेलो. कुमुदनं वर पाहिलं, पण हातातली चादर सोडली नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन महिने."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी कुंपणाखालून आलेल्या नळीकडे पाहत राहिलो.

"बंद करायला लावलं असतंत," ती म्हणाली. "नियमानं. घरटी जेवढं पाणी येतं, त्यात पिणं-रांधणं भागतं. आईंचं दिवसाला तीन वेळा बदलावं लागतं. ते कशात धुवायचं, हे तुमच्या नियमात कुठं होतं?"

"तू मागितलंस त्याच्याकडे?"

"नाही. एक दिवस तोच दारात आला. म्हणाला, वैनी, मागल्या नळाला दहा मिन्टं सोडतो, पिंप लावून ठेवा. कुणाच्या वाटचं, असं मी विचारलं. म्हणाला, माझ्याच वाड्याचं हाय, तुमी काळजी करू नका."

आईच्या अंगाखालची चादर रोज स्वच्छ असायची. संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचो, तेव्हा ती चादर माझ्या हाताखाली असायची. ती स्वच्छ कशी, हे मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि वाड्याचं पाणी दहा मिनिटं कमी का, याचा शोध लावायला वही घेऊन गावभर हिंडत होतो.

"रविवारी बिरोबाच्या देवळात बैठक आहे," मी म्हणालो. "भागुजीला भंडार उचलायला लावणार आहेत."

"मग तुम्ही सांगाल ना? पाणी आपल्याकडे आलं म्हणून?"

"सांगेन."

तेव्हा मला ते खरंच सांगायचं होतं. रविवारपर्यंत मध्ये तीन दिवस होते, आणि तीन दिवस हा फार मोठा वेळ असतो. पहिल्या दिवशी मी काय बोलायचं ते मनात जुळवलं. दुसऱ्या दिवशी मला भागुजीचाच संशय यायला लागला. फुकट कोण कुणासाठी आपल्या भावकीशी वाकडं घेतं? याला काहीतरी हवं असणार. पोराला शाळेत शिपाई चिकटवायचं असेल. किंवा मला मुठीत ठेवायचं असेल, आदर्श शिक्षकाच्या घरात चोरीचं पाणी म्हणून. तिसऱ्या दिवशी मी एक वाक्य तयार केलं. घासूनपुसून तयार केलं, शब्दन्‌शब्द खरं.

कोळवड्यात कोर्टकचेरीपेक्षा भंडार मोठा. बिरोबाच्या पायावरचा मूठभर भंडार, म्हणजे हळद, हातात घेऊन माणूस जे बोलेल ते खरं मानायचं. खोटं बोलला तर वर्षाच्या आत त्याच्या घरावर काहीतरी येतं, असं सगळे मानत. मी तसलं काही मानत नव्हतो. निदान शाळेत तरी नाही.

देवळाच्या ओट्यावर पन्नासेक माणसं जमली होती. पुजाऱ्यानं परातीत भंडार आणून ठेवला. सरपंच म्हणाले, "भागुजी, उचल, आणि सांग की मी कुणाला चोरून पाणी दिलं नाही. विषय संपला."

भागुजी परातीकडे बघत राहिला.

"न्हाई उचलनार."

ओट्यावर कुजबुज झाली. सरपंचांना ते अपेक्षित नसावं. त्यांनाही प्रकरण मिटलेलंच हवं होतं.

"म्हणजे दिलंस?"

"दिलं."

"कुणाला?"

"ते इचारू नका."

"भट्टीवाल्याला दिलंस," बिरू ओरडला. "भावकीच्या पोरांच्या तोंडचं पानी इकलंस तू."

भागुजीनं मान हलवली, नाही म्हणून. पण तोंड उघडलं नाही. मी त्याच्याकडे पाहत होतो. तो एकदा बघेल, एकदाच, आणि मग मला बोलावंच लागेल, असं वाटत होतं. त्यानं पूर्ण वेळात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"गुरुजींनी पाळत ठेवलीय," सरपंच म्हणाले. "गुरुजी, तुम्हीच बोला."

"गुरुजींनीबी भंडार उचलूनच बोलावं," बिरू म्हणाला.

सरपंच त्याच्यावर डाफरले, पण मी हात वर करून त्यांना थांबवलं. पुढं झालो आणि मूठभर भंडार उचलला. मुठीत तो कोरडा आणि थंड लागला.

"बिरोबाच्या साक्षीनं सांगतो," मी म्हणालो, "भागुजीनं कुणाला पाणी विकलेलं मी पाहिलेलं नाही."

हेच ते वाक्य. खरं होतं, भागुजीला थोडं वाचवत होतं, मला पूर्ण वाचवत होतं. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, बघा, गुरुजी कसे मोजून बोलतात. मला हायसं वाटलं आणि मी मूठ उघडायला गेलो.

"मग पानी गेलं कुटं, गुरुजी?" बिरूनं विचारलं.

याची तयारी मी केली नव्हती. मूठ अजून मिटलेली होती.

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

एवढंच. वर्गात एखादं पोरगं म्हणतं तितक्या सहज. सरपंचांनी सुस्कारा सोडला आणि भागुजीपुढे हात केला. भागुजीनं चावी खांद्यावरून उतरवली, धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची माती पुसली आणि त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती बिरूकडे गेली.

घरी आलो तेव्हा कुमुद तांब्या घेऊन परसात उभी होती. माझा तळहात पिवळा झाला होता. ती हातावर पाणी घालायला लागली.

"काय झालं?"

"चावी काढून घेतली."

"तुम्ही सांगितलंत?"

मी हात चोळत राहिलो. हळद रेषांमध्ये बसली होती, निघत नव्हती. कुमुदनं तांब्या तिथंच दगडावर ठेवला आणि ती आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली.

चार दिवसांनी पाणी आलं. मागचा नळ अर्थात कोरडाच होता. दुपारी परसदारी पावलं वाजली म्हणून मी पाहिलं, तर भागुजीची बायको हौसाबाई डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन आली होती. कुणाशी न बोलता तिनं दोन्ही पिंपात ओतल्या आणि निघाली.

"हौसाबाई, हे कशाला?"

"त्यांनी सांगितलंया," ती म्हणाली.

"ते कुठंयत?"

"भट्टीवर. इटा थापायला जात्यात."

ज्या भट्टीला पाणी विकलं म्हणून त्याची चावी गेली, तिथंच तो मजुरीला लागला होता. पिंप भरत नव्हतं तेवढ्यात, पण दिवसाच्या चादरी निघायच्या. आई आणखी अकरा महिने होती. नळाला पाणी नसलेल्या दिवशीही घरच्या साठ्यातून आणायची, हौसाबाई एक दिवस चुकली नाही. दर दुपारी ती पावलं वाजली की मी दाराआड व्हायचो आणि मनाशी म्हणायचो, आता मागतील काहीतरी. आज ना उद्या मागतील. त्यांनी काही मागितलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

त्यांनी मागितलं नाही. बिरोबानंही माझं काही वाकडं केलं नाही. वर्षभर मी घरातल्या प्रत्येक शिंकेकडे संशयानं पाहिलं. आई गेली ती वयानं गेली, झोपेत गेली. मला पुरस्कार मिळाला, मुलगा इंजिनिअर झाला, बदली सोयीच्या गावी झाली. भंडारात काही नव्हतं, याची खात्री पटली आणि ती खात्री सुखाची नव्हती. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिताना खडू हातात घोळवत उभा राहायचो. पोरांना वाटायचं, गुरुजी विचार करतायत.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी कोळवड्याच्या शाळेनं माजी शिक्षकांचा सत्कार ठेवला. नारळ आणि शाल घेऊन मी बाहेर पडलो आणि पाय आपोआप धनगरवाड्याकडे वळले. भागुजी दारात खाटेवर बसला होता. केस पांढरे, पण बसणं तेच. दाराशेजारी नळ होता. आता गावाला रोज पाणी येत होतं.

"या गुरुजी," तो म्हणाला. "वैनी बऱ्या हायत का?"

मी बसलो. हौसाबाईनं पाणी आणून दिलं. ते हातात धरून मी सतरा वर्षांचं साठलेलं एका दमात बोललो.

"भागुजी, तू त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस?"

त्याला क्षणभर कळलंच नाही.

"तुमचं? तुमचं नाव कशापायी घ्यायचं? पानी म्हातारीला दिल्यालं."

"पण मला वाचवण्यासाठीच तू..."

"न्हाई बा," तो हसला. "तुमचा इचार म्या केला नव्हता. पन्नास मान्सांत म्हनायचं का, की म्हातारीला अंथरुनात हुतंय म्हून पानी लागतंय? तिचं गावभर बोलनं झालं असतं. पोरं हसली असती."

म्हणजे ज्या उपकाराखाली मी सतरा वर्षं वाकलो होतो, तो माझ्यावर केलेलाच नव्हता. मी त्या हिशेबात कुठं नव्हतोच.

"मग नाही दिलं म्हणायचंस," मी म्हणालो. "भंडार उचलायचास. मी उचलला, मला काही झालं नाही. तू तर देवाला घाबरलास."

"देवाचं न्हाई," तो म्हणाला. "दिल्यालं न्हाई म्हनलं की ते चोरीचं हुतंय, गुरुजी. म्या चोरी न्हवती केली."

"हे तुला कुणी शिकवलं?"

मला खरंच हवं होतं ते उत्तर. बापानं, बुवानं, कुठल्या कीर्तनात, कुठल्या पुस्तकात. मी आयुष्यभर फळ्यावर लिहून शिकवू शकलो नाही ते याला कुठं मिळालं, ते मला जाणून घ्यायचं होतं.

"शिकवायचं काय त्येत?" भागुजी म्हणाला. "व्हॉल्व्ह फिरवायला त्या बोळातनं जायचो. खिडकीतनं वास यायचा. उदबत्तीनं दबत न्हवता." त्यानं माझ्याकडे पाहिलं. नजरेत टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती. "तुमी तर घरातच हुता. तुमाला येत नव्हता?"

पाण्याचं भांडं माझ्या हातात तसंच होतं. हौसाबाई म्हणाली, प्या की गुरुजी, आणि मी ते प्यायलो.